गोठ्यावरची पायलट

पायलटचं लायसन्स मिळालं तेव्हा आमच्या गावात, उंद्रीत, माझा सत्कार झाला होता. शाल, नारळ आणि चौकात भला मोठा फ्लेक्स: गणवेशातली मी, खाली 'गावाची शान'.

आज सकाळी तोच फ्लेक्स शेजारच्या किसनकाकांच्या गोठ्यावर दिसला. वाऱ्यानं उडू नये म्हणून माझ्या तोंडावर विटा ठेवलेल्या.

काकांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. "वाया काऊन जाऊ द्यायचा वं पोरी? थेंब गळत नाही. लागली का तुले नोकरी?"

"नाही काका. कंपनीवाले म्हणतात, आधी आणखी बरेच तास विमान उडवून या."

"मंग उडव नं!"

"विमान कोण देईन मले? ते त्यायच्याजवळच हाय."

काकांनी म्हशीपुढे चारा टाकला. "नोकरी लागली की नवा फ्लेक्स मोठा लावजा. गावाभायेरचा दुसरा गोठा उघडाच हाय."

मंडळी, सत्काराला टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या. मग सांगा, नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही, तर पहिला अनुभव आणायचा कुठून?

तोवर फ्लेक्सवरची मी म्हशी कोरड्या ठेवतेय. आम्हा दोघींपैकी निदान एकीला काम लागलं.