समशेरीचा तिसरा अर्थ

धाकट्यासारखी धार लावणारा दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकाचे सुरे, न्हाव्याचे वस्तरे, सगळे त्याच्याच चाकावर. तोंडात मात्र कायम मिठाची गुळणी. म्हणून बोलायचं खातं थोरल्या भावाकडे. थोरला सातवी शिकलेला, पण त्याला अडवणारा शब्द अजून जन्माला यायचाय!

परवा वस्तुसंग्रहालयातून बोलावणं आलं. जुन्या हत्यारांची निगा राखायला कायमचा माणूस हवा होता. चाकापाशी वाकून वाकून धाकट्याची पाठ कामातून गेलेली. ही नोकरी मिळावी म्हणून त्याचा जीव नुसता टांगणीला. मग थोरल्यानेच तयारी करून घेतली.

"समशेर म्हणजे काय रे?"

"वाकडी तलवार."

"गाढवा, अर्थ सांग! सम म्हणजे सारखं. शेर म्हणजे वजन. मुठीकडे एक शेर, टोकाकडे एक शेर. सम शेर! ठणकावून सांग, तिथल्या कुणाच्या बापाला माहीत नसेल."

मुलाखतीला चष्मेवाल्या बाई होत्या. टेबलावर वाकडी तलवार. बाईंनी नेमकं तेच विचारलं आणि धाकट्याने घडाघडा सांगून टाकलं. बाईंना हसू आवरेना.

"अहो, भाजी तोलायचीय का? शब्द फारसी आहे, शमशीर. शीर म्हणजे सिंह. शम म्हणजे नख, असं काही जण सांगतात. काही म्हणतात, शेपूट."

"मग खरं काय?"

"जाणकारांना दोन्ही पटत नाहीत."

धाकट्याचे कान लालबुंद. नोकरी गेली असं धरूनच तो उठला. पण हात कुठला गप्प बसतोय? त्याने पात्यावरून अंगठा हलकेच फिरवला आणि तो थबकला.

"बाई, हिला सपाट दगडावर कुणी घासली? पोटाशी पातं खाल्लं गेलंय. अजून दोनदा घासलीत तर वाकच जाईल."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी पातं उजेडात धरून न्याहाळलं.

"मागच्या माणसाने. तुम्ही उद्यापासून या. पण एक अट. गंज काढायचा, तेल लावायचं. धार लावायची नाही!"

जन्मभर धार लावणाऱ्याला असली अट! धाकटा हसत हसतच घरी आला.

"दादा, नोकरी लागली. पण तुझा शेर पार फसला." त्याने सगळं सांगितलं.

"फसला कसा? जाणकारांचं तरी कुठे ठरलंय?" थोरला म्हणाला. "सांग तुझ्या बाईंना, दोन अर्थ होते, आता तीन झाले."