उसन्या शेळ्या

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून उमगत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

लग्न होऊन मी दौंडहून न्हावऱ्यात आले. इथं ख्रिस्ती घर आमचं एकटंच. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागं सरकते. तरी बचत गटातल्या बायकांनी मला अध्यक्ष केलं. ही चर्चला जाते, कुणाच्या पैशाला हात लावणार नाही, असं म्हणाल्या. मी कुणाला उलटून बोलत नाही, हेही त्यांना सोयीचं होतं.

गटानं शिरूरच्या बँकेतून कर्ज काढलं. कागदावर शेळीपालन लिहिलं. आमच्याकडं सगळेच गट तसं लिहितात, शेळ्यांसाठी कर्ज लवकर मिळतं. मीही सही केली. पैसे मात्र कुणी घरावर पत्रे टाकायला घातले, एकीनं मुलीची नर्सिंगची फी भरली. मग बँकेचे साहेब तपासणीला येणार असा निरोप आला आणि वाडीवरच्या एकाच्या शेळ्या दिवसापुरत्या उसन्या आणायचं ठरलं. दुसऱ्या गटांच्या फोटोतही त्याच शेळ्या उभ्या राहिलेल्या. फोटोबरोबर, शेळ्या गटाच्याच आहेत, अशी सही अध्यक्षानं द्यायची होती.

तेव्हापासून मला जेवण जाईना. सही केली तर रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला कुठल्या तोंडानं उभी राहू? नाही केली तर बँक पैसे मागणार आणि बायका दारात येणार. आमचं दूध जिथं घालतो ते केंद्र आमच्या गटाच्या सचिवबाईंच्या दिरांचं. त्यांनी दूध बंद केलं तर आमची चूल कशी पेटणार? रविवारी दौंडला फादरना विचारलं. ते म्हणाले, "बाई, सही तुमची आहे. मी इथं बसून हो किंवा नाही म्हणणं सोपं आहे." मला वाटलं होतं, ते माझं ओझं घेतील. येताना एसटीत बोटांवर नमो मरियाच्या प्रार्थना मोजत आले, पण भीती काही गेली नाही.

सचिवबाईंना मी आक्का म्हणते. त्यांना कसंबसं सांगितलं, तर त्या हसल्या.

"तुमच्या देवाच्या फोटोत मेंढरं हायतच की. ती कुणाची म्हणून इचारलं का कवा कुणी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

साहेब आले. त्यांनी मोबाईलवर फोटो काढले आणि कागद पुढं केला. पेन माझ्या हातातून खाली पडलं. मी ते उचलायला वाकले आणि तशीच, खाली बघत बोलले.

"साहेब, ह्या शेळ्या आमच्या न्हाईत."

"ताई, मला ऐकू आलं नाही. सही करा."

"पैसे घरातच लागलेत, फेडू आमी. पण ही सही न्हाई व्हायची माझ्याच्यानं."

साहेबांनी कागदाची घडी घातली. मग सगळी रक्कम वर्षाच्या आत भरा आणि पुढचं कर्ज विसरा, एवढं बोलून ते गाडीवर बसले.

"आता हप्तं तुमचा येशू भरंल का?" आक्का म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

पुढं कितीतरी दिवस दुधाची कॅन केंद्रावर ठेवताना मी आक्कांच्या दिरांच्या तोंडाकडं बघायचे. दूध परत आलं नाही, पण आज येईल असं रोज वाटायचं. कांदा काढायला आम्ही एकाच वावरात जायचो. बायका दुसरी सरी धरायच्या, माझ्याशी बोलायच्या नाहीत. मजुरीतले पैसे मात्र कर्ज फेडायला म्हणून आठवड्याला माझ्या ओट्यावर आणून ठेवायच्या. फीवालीला जमेना. तिच्या वाट्यासाठी मी आमची कालवड विकली. माझ्या मालकांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. अध्यक्ष असणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं, आणि ते पद नकोसं झालं.

शेवटची रक्कम भरायला आक्का आणि मी शिरूरला गेलो. एसटीत त्या पुढं बसल्या, मी मागं. बँकेत खिडकीवरच्या माणसानं नोटा दोनदा मोजल्या. तो कॉम्प्युटरकडं बघत राहिला, तेव्हा काहीतरी राहिलं असणार या धसक्यानं मी आक्कांचा पदर धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. मग त्यानं पासबुकावर शिक्का मारला आणि म्हणाला, बाकी काही नाही, सगळं फिटलं.