पुसलेले फोटो

निपाणीच्या राजश्री उपाध्ये लग्नाचे फोटो काढत. प्लास्टिकचे पाइप आणि जुन्या चादरी जोडून त्यांनी दिव्यांचा उजेड मऊ करणाऱ्या छत्र्या घरीच बनवल्या होत्या. फोटोंचं सगळं कामही त्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवरच करत.

गेल्या वैशाखात जवळच्या एका खेड्यातल्या लग्नात हलगी वाजवून दमलेला रायाप्पा मांडवातल्या खुर्चीवर टेकला. खालच्या जातीच्या वाजंत्र्यानं आपल्या बरोबरीनं खुर्चीवर बसावं, यानं नवरदेवाच्या चुलत्याचं टाळकं सणकलं. त्यानं लोखंडी कांब उचलून रायाप्पाच्या तोंडावर हाणली. रायाप्पा कोसळला, तरी तिघं जण त्याला लाथांनी तुडवत राहिले. त्या लग्नाचे फोटो काढायला आलेल्या राजश्रींनी फोटो काढणं थांबवलं नाही.

"ए बाई, पुस ते फोटो!" चुलता अंगावर धावून आला.

"न्हाय पुसणार. माणूस मरतोय तिथं!"

त्यानं त्यांचा उजवा हात असा पिरगाळला, की मनगटाचं हाड कडकन मोडलं. मग सगळे फोटो पुसून त्यानं कॅमेरा दगडावर आपटला.

मोडक्या कॅमेऱ्यातलं कार्ड राजश्रींनी तेवढं उचलून आणलं. हाताला प्लास्टर घालून आल्या, त्या तडक कॉम्प्युटरपुढं बसल्या. पुसलेले फोटो परत मिळवून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्यांनी उतरवून घेतलं आणि डाव्या हातानं चालवलं. तीन तासांनी पडद्यावर उगारलेली कांब दिसली.

असे एकोणीस फोटो त्यांनी पोलिसांना दिले. चौघांना अटक झाली. रायाप्पा वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. त्या गावानं मात्र पुन्हा कधी राजश्रींना लग्नाला बोलावलं नाही.