आ वासलेले सखारामभाऊ

मळवलीचे सखारामभाऊ रेल्वेत गँगमन होते. सगळी नोकरी खंडाळ्याच्या घाटात रूळ सांभाळण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन कामं केली. काळ्या दगडाचं भक्कम घर बांधलं आणि पाली भाषा शिकायचं ठरवलं.

"लहानपणापासनं बुद्धवंदना म्हनतोय," ते बायकोला, शकुबाईंना म्हणाले, "पन एकाबी शब्दाचा अर्थ धड सांगता येत न्हाई. आता शिकायचंच."

वर्ग ऑनलाइन होता. पुण्याच्या रेणुका मॅडम संध्याकाळी शिकवायच्या. पहिल्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसले. मागचे बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो नीट दिसतील असा लॅपटॉप ठेवला. लॅपटॉप मुलाचा, प्रज्ञेशच्या कॉलेजच्या वेळचा. हजेरीत नाव आलं, भाऊंनी "जय भीम" म्हणायला तोंड उघडलं, "जय" म्हणाले आणि नेट अडकलं. वर्ग संपेपर्यंत सगळ्यांच्या पडद्यावर आ वासलेले सखारामभाऊ होते.

मग हे रोजचंच झालं. मॅडमचं बोलणं तुटक तुटक यायचं, भाऊंचं उत्तर तर जायचंच नाही. "सखारामभाऊ, ऐकू येतंय का?" असं मॅडम दोनदा विचारायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. नव्याने आलेल्या एका बाईंनी तर सगळ्यांदेखत सुचवलं, की काकांना फारच जांभया येतायत, त्यांना झोपू द्या. भाऊंनी ते ऐकलं, पण आपण जागे आहोत हे सांगणार कसं?

इंटरनेट कंपनीचा माणूस आला. विजेचा खांब घरामागे, म्हणून नेटची तार स्वयंपाकघराच्या खिडकीतून घेतलेली आणि राउटर डाळीच्या डब्यांशेजारी. त्याने तिथेच मोबाइलवर तपासलं, "स्पीड बरोबर आहे, काका," म्हणाला आणि निघून गेला.

"राउटर जुना झालाय, बदला," प्रज्ञेशने पुण्याहून फोनवर सांगितलं. भाऊ लोणावळ्याला कॉम्प्युटरवाल्या सत्यमच्या दुकानात गेले आणि चहूबाजूंनी अँटेना असलेला, दुकानातला सगळ्यात मोठा राउटर घेऊन आले.

"ह्यो काय खेकडा आनला?" शकुबाईंनी विचारलं.

खेकडा बसला, दिवे लागले, आणि संध्याकाळी भाऊ पुन्हा आ वासून थिजले.

दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉपच बगलेत मारून सत्यमकडे गेले. सत्यमने तो उघडून पाहिला.

"भाऊ, राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक जुनी, लांब जाते पण हळू, आणि तिच्यावर सगळ्यांची गर्दी. दुसरी वेगवान. तुमच्या लॅपटॉपला फक्त जुनीच ओळखू येते. राउटर कितीही भारी घ्या, ह्याला काय उपयोग?"

"मग लॅपटॉप नवा घ्यायचा?"

"नको. बाहेरून एवढासा डोंगल लावू, तो वेगवान लहर पकडतो. पण तुमच्या मशीनला चालतो का बघूनच न्या."

पहिला चालला नाही. दुसरा चालला. भाऊ घरी येऊन स्वयंपाकघरातच उभ्या उभ्या लॅपटॉप लावून बसले, म्हणजे उभे राहिले, आणि नेट असं धावलं की त्यांनी शकुबाईंना हाक मारली. मग ऐटीत बाहेरच्या खोलीत गेले. तिथे वेगवान लहर गायब.

सत्यमला फोन लावला. "मध्ये भिंत आहे का?" त्याने विचारलं.

"हाय की. हाताहाताचे दगड घालून सोता बांधलीय," भाऊ अभिमानाने म्हणाले.

"तीच अडवतेय. भिंतीतून वायर काढा."

"भोक? माज्या भिंतीला?"

"मग दारावाटे वायर आणा."

याला शकुबाईंचा नकार होता. "मी पाय अडकून पडंन. त्यापरीस हितंच बसा माज्याजवळ."

अशा रीतीने पालीचा वर्ग स्वयंपाकघरात आला.

त्या संध्याकाळी रेणुका मॅडम खूश झाल्या. "वा, सखारामभाऊ, आज अगदी स्पष्ट दिसताय. मग सांगा, धम्म शब्दाची द्वितीया?"

 इतके दिवस नेट अडकायचं, भाऊंची उत्तर द्यायची पाळी टळायची, आणि पाळी टळते म्हणून पाठांतरही टळत गेलं होतं.  मग त्यांनी हळूच आ वासला आणि हलायचं बंद केलं.

"अरेरे, पुन्हा अडकलं वाटतं," मॅडम म्हणाल्या.

चुलीपुढून शकुबाईंनी वळून पाहिलं. "अवो, असं का बसलाय? दाढ दुखतीय का?"

भाऊ हलले नाहीत. शकुबाई घाबरल्या. पळीसकट पुढे आल्या, ओला हात त्यांच्या कपाळावर ठेवला आणि पडद्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, ह्येंना काय झालं बगा की. आत्ता तर चा पिऊन बसल्यात."

वर्गातले सगळे एकदम हसले. भाऊंनी तोंड मिटलं.

"मॅडम, नेट ठीक हाय," ते म्हणाले. "मीच अडकलोय."

मॅडमही हसत होत्या. "बरं, रोज वंदनेत धम्माला शरण जाताना धम्म म्हणता का आणखी काही?"

भाऊंनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. "धम्मं सरणं गच्छामि... धम्मं."

"झाली द्वितीया."

"म्हंजी मला येत व्हती?"

"येत होती. ठाऊक नव्हतं."

 शकुबाई पळी हातात धरून पुढे वाकल्या. "मंग बुद्धं, संघं, ते बी तसंच का ओ मॅडम?"

"तसंच. तुमचंही नाव घालू का वर्गात?"

"भाजी हलवत चालंल का?"

"चालेल."

तेव्हापासून पडद्यावर दोघं असतात. शकुबाई कामं करता करता शिकतात. भाऊंना मात्र घोकावं लागतं, म्हणून ते सकाळी विभक्त्या म्हणत स्टेशनपर्यंत फेरी मारतात. ऐकून ऐकून तिथल्या चहावाल्याची तृतीयेपर्यंत तयारी झाली आहे, आणि पुढची विभक्ती कधी येणार म्हणून तो भाऊंच्या मागे लागला आहे.