पन्हळ साफ करताना

पावसाळ्याआधी पत्र्याच्या कडेची पन्हळ साफ करायला मी शिडीवर चढलो. खाली शेजारच्या काकांनी शिडी धरली. रस्त्यानं जाणारे दोघे थांबले आणि माझ्याच घरावर चढलेल्या मला पाहुणा ठरवून म्हणाले, "पावणं, आधी कोपऱ्यातला पाला काढा की." बघता बघता पाच जण जमले. सल्ले सगळ्यांचे, चिखलात हात माझा एकट्याचा. तेवढ्यात बायकोनं दारातनं सांगितलं, "चहा घेतल्याशिवाय कुणी जायचं न्हाय." आमच्याकडं दारात आलेल्याला तसं सोडत नाहीत. सगळे आत गेले. शिडी सोडून काकाही गेले. शिडी डुगडुगायला लागली. मी पन्हळीला लोंबकळत बोंब मारली. आतनं काकांचा आवाज आला, "निवांत होऊ दे. तुझा चहा झाकून ठेवलाय."