मी काढायला सांगितलेला डाग

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या सालांत मी यवतमाळला, लोहारा भागात खोली करून राहत होतो. एका स्टुडिओत फोटो रिटचिंग शिकलो होतो, तेच फोनवरून आठ-दहा मुलामुलींना शिकवायचो. मी त्यांच्याच वयाचा, तरी ती मला सर म्हणायची. मला ते आवडायचं.

त्यांतली एक घाटंजीजवळच्या खेड्यातली. पीक गेल्यापासून तिचे वडील गप्प झाले होते. कोणी नाव विचारलं तरी सांगत नसत. एक दिवस घरून निघाले ते परतलेच नाहीत. पत्रक काढायचं होतं आणि घरात त्यांचा एकच फोटो, कोणाच्या तरी लग्नातला. शोधायला चेहऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. तिने तो मोबाइलवर टिपून पाठवला आणि या वेळचा गृहपाठ हाच समजा म्हणाली.

मी मन लावून तपासला. उजेड वाढव, मागची माणसं काढ, कॉलर सरळ कर. डाव्या गालावर पांढुरका डाग होता. फोटोला ओल लागली असेल असं धरून मी लिहिलं, डाग काढ, बाजूच्या कातडीचा रंग घे. तिने तो इतक्या सफाईने काढला की मी ग्रुपवर सगळ्यांना दाखवला.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. परगावाहून आलेल्या मामांनी पत्रक पाहून विचारलं होतं, "हा कोण होय?" तो डाग कोडाचा होता. अनोळखी माणसाच्याही लक्षात राहावी अशी वडिलांची तेवढीच खूण होती.

"मंग काहून नाही सांगितलं मले?" माझ्या तोंडी आपोआप घरची बोली आली.

"तुम्ही सर आहा. मले वाटलं, पत्रकावर बाबा चांगले दिसले पाहिजे म्हणून सांगून राह्यले." मग हळूच म्हणाली, "अन् दिसत होते चांगले."

मी त्याच दुपारी मूळ फोटोवरून नवा करून दिला. मामांनी नवी पत्रकं जुनी लागली होती तिथे तिथे, पार वणीपर्यंत लावली. त्या दिवसांत मी कोणाचाच गृहपाठ तपासला नाही. मुलं विचारत राहिली. मी कॉलेजच्या परीक्षेचं कारण सांगितलं.

नवा फोटो दिल्यापासून बाराव्या दिवशी मामांचा फोन आला. वणीच्या एका चहावाल्याने नवं पत्रक पाहून ओळखलं होतं. हा माणूस महिनाभर त्याच्या टपरीमागे झोपायचा, चहावालाच त्याला खायला द्यायचा. जुनं पत्रक टपरीसमोरच्याच भिंतीवर होतं. नवं लागण्याच्या चार दिवस आधी तिचे वडील तापाने गेले. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून टपरीवरच्या माणसांनीच अग्नी दिला.