आठव्या रिळाचा दुसरा साक्षीदार

साठीचं दशक संपत आलं असताना, मिरचीचा हंगाम आटोपल्यावरच्या एका बुधवारी, भिवापूरला मुक्काम टाकलेल्या एका फिरत्या टॉकीजच्या तंबूत ‘नवलयान’च्या तिसऱ्या भागाचं आठवं रीळ अकराव्या रिळानंतर दाखवलं गेलं. अकराव्या रिळात यानाचा कप्तान मरतो. आठव्यात तो जिवंत असतो. घडलं ते एवढंच. पण एवढ्यावर एखादा माणूस आपलं आयुष्य उभं करू शकतो हे आमच्या कंपाउंडरांना ओळखणाऱ्यांनाच पटेल. अख्ख्या विदर्भात त्यांच्याइतका मोजूनमापून वागणारा माणूस झाला नसेल, आणि अशक्य गोष्टीवर त्यांच्याइतका ठाम बसलेलाही.

धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात ते औषधं बनवायचे. माझ्या वर्तमानपत्राची कचेरी तिथून दोन गल्ल्या पलीकडे होती आणि दोन्हींच्या मध्ये चहाची टपरी होती, म्हणून आमची ओळख झाली. औषधाच्या बाटलीवर डोस कळावेत म्हणून कंगोरे कापलेली कागदाची पट्टी चिकटवायची त्यांची सवय हाताबाहेर गेली होती. त्यांच्या घरी खोबरेल तेलाच्या बाटलीवर पट्टी होती, रॉकेलच्या डब्यावर होती, आणि टपरीवर त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला काचेचा पेलाही पट्टीवाला होता. पट्टीच्या वर चहा गेला तर ते परत ओतायला लावत आणि खाली राहिला तर पेल्याकडे बघत बसत. पिण्याआधी पेला हलवत. हलवू नका, सांडतो, असं टपरीवाल्याने एकदा सांगितलं, तर म्हणाले, “गाळ खाली बसते गा. वरचं वरचं पिऊन माणसाले गुण येत नाही.”

‘नवलयान’चे तीनही भाग आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते. पुठ्ठ्याचं यान आणि साखळीने ओढलेला चंद्र स्पष्ट दिसायचा, तरी आम्ही दर रविवारी त्यावर भांडायचो. तिसऱ्या भागात परतीचं इंधन संपल्याचं कप्तानाने सोबत्यांपासून लपवलेलं असतं. ते उघडकीस आल्यावर सोबती त्याच्याशी बोलणं टाकतात. आठवं रीळ म्हणजे हा अबोला. कप्तान जेवणाच्या टेबलाशी बसतो, पाणी मागतो, कोणी देत नाही. मग तो उठून एकेकाच्या खांद्यामागे उभा राहतो. कोणी वळत नाही. पुढे अकराव्या रिळात तो यानाबाहेर पडतो आणि मरतो. क्रमाने पाहिलं तर रुसव्याचा एक लांबलेला प्रसंग, मी नागपुरात तीनदा पाहिला आणि तीनदाही त्या वेळी शेंगदाणे आणायला उठलो. कंपाउंडरांनी तो भिवापूरच्या तंबूत, कप्तान मेल्यानंतर पाहिला. ते सांगत, की कप्तान टेबलाशी येऊन बसला तेव्हा तंबूत आधी हसू आलं, मग ते थांबलं. तो पाणी मागू लागला तेव्हा पुढे सतरंजीवर बसलेल्या बायका मागे सरकल्या. तो खांद्यामागे उभा राहायला लागला तसे लोक आपल्या मागे बघू लागले. एका म्हातारीने पदराखालून पाण्याचा तांब्या काढून पडद्याच्या दिशेने धरला.

हे ते एकाच आवाजात, डोस सांगावा तसं सांगत. आमच्यात पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक होते, त्यांना हे सहन होत नसे.

“यानाचं दार उघडलं. हवा गेली. हवा नसलेल्या जागी माणूस जगतो का?” ते विचारत.

“जगला म्हणून कोण म्हणून राहिलं? मी म्हणतो, बसला होता.”

“रिळं उलटसुलट लागली असतील.”

“मंग तंबूतले लोक मागे काहून पाहत होते?”

प्राध्यापकांनी एकदा सांगितलं की तंबूला मागून वारा लागत असेल. कंपाउंडरांनी वाऱ्याची दिशा, तंबूचं तोंड आणि महिना सांगून ते खोडून काढलं.

काही वर्षांनी एका सिनेसाप्ताहिकात बातमी आली. जुना दिग्दर्शक वारला होता, आणि जाहिरातपट करणारा एक तरुण ‘नवलयान’चा चौथा भाग काढणार होता, रंगीत. कप्तान परत येईल, असं त्याने जाहीर केलं होतं. कसा, ते ठरलेलं नाही, जुन्या प्रेक्षकांनी तीन महिन्यांत सुचवावं. टपरीवर दोन तट पडले. प्राध्यापकांचं म्हणणं, मेलेला कप्तान परत आणणं म्हणजे तिसरा भाग खोटा ठरवणं, आणि दुसरा नट घेणं तर त्याहून वाईट. दुसऱ्या तटाला कप्तान हवाच होता, कसाही, अगदी जुळा भाऊ म्हणूनही. तिसऱ्या तटात एकटे कंपाउंडर होते. ते म्हणत, परत आणायचा प्रश्नच येत नाही, तो गेलेलाच नाही. मेलेला माणूस तिथंच असतो, आपण बोलणं टाकतो. हे त्या दिग्दर्शकाला लेखी कळवायचं त्यांनी ठरवलं, आणि मजकूर नीट करून द्यायला माझ्याकडे आले.

मी त्यांना आमच्या कचेरीचा नियम सांगितला. एकाने पाहिलेलं ऐकीव, दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलेलं बातमी. दुसरा साक्षीदार आणा.

नियम त्यांना इतका आवडला की दवाखान्याचं काम बदललं. सगळ्या विदर्भातून पेशंट यायचे. नाव, वय, गाव विचारून झालं की कंपाउंडर विचारत, “नवलयानचा तिसरा भाग पाहिला का? कुठं पाहिला?” उमरेडकडच्या एका पोटदुखीच्या पेशंटने पाहिला नसल्याचं कबूल केलं आणि जेवणाआधी पाहायचा की जेवणानंतर, असं काळजीने विचारलं. रामटेकच्या एका बाईंनी कप्तान मेल्यानंतर सीता आली होती असं सांगितलं, त्या दुसऱ्याच चित्रपटाबद्दल बोलत होत्या. एकदाच भिवापूरचा एक म्हातारा मिळाला. अंगात ताप होता. “हो, बसला होता,” तो म्हणाला. मग कंपाउंडरांच्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाला, “आता उभा आहे.” कंपाउंडरांनी मागे वळून पाहिलं नाही. औषध दिलं आणि वहीत लिहिलं: साक्षीदार तापात, ग्राह्य नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी चहा पट्टी न पाहता प्यायला.

दिग्दर्शकाने दिलेली मुदत संपत आली तेव्हा त्यांनी मला सांगितलं की तंबूत हजर असलेला एक माणूस त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. त्यांचा थोरला भाऊ. भिवापूरलाच असतो, वडिलोपार्जित हातमाग चालवतो. मग अगोदरच का नाही विचारलं, असं मी म्हणालो.

“तो माह्यासंगं बोलत नाही,” कंपाउंडर म्हणाले.

कारण त्यांनी थोडक्यात सांगितलं. आईला धाप लागायची. भाऊ तिला नागपुरात मोठ्या डॉक्टरकडे आणायचं म्हणत होता. कंपाउंडर म्हणाले, गरज नाही, आणि स्वतःच्या हाताने मिक्श्चर करून दिलं. बाटलीवर आठ डोसांची पट्टी लावली. पाचव्या डोसानंतर आई गेली. ज्या आठवड्यात तिला जाऊन महिना झाला त्याच आठवड्यात तंबू आला होता. दोघे भाऊ एकाच खेळाला गेले, वेगवेगळे.

एका रविवारी सकाळच्या बसने आम्ही भिवापूरला गेलो. घराच्या पुढच्या खोलीत माग चालू होता. भावाने मला पाहिलं, “या साहेब,” म्हणाले, आणि माझ्या बाजूला कोणीच उभं नसल्यासारखे पुन्हा मागाकडे वळले. वहिनींनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. दुसरा पेला त्यांनी कंपाउंडरांसमोर जमिनीवर ठेवला. लहानपणी ज्या घरात ते रांगले त्या घरात ते भिंतीला टेकून बसले आणि हातांची जागा शोधू लागले.

मी भावाला विचारलं, “तुम्ही त्या खेळाला होतात?”

मागावरचा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. “होतो.”

“कुठे बसला होतात?”

“मशिनीच्या बाजूले. पुढं जागा नव्हती.”

“कप्तान मेल्यावर पडद्यावर काय दिसलं?”

माग थांबला. त्या आवाजाची सवय झालेली होती, त्यामुळे थांबल्यावर खोली मोठी झाल्यासारखी वाटली.

“टेबलाशी येऊन बसला. पाणी मागे. कोणी देये ना.” मग ते म्हणाले, “पण त्यात नवल काई नाही, साहेब. मशिनवाला मालकाले सांगत होता, आठवं पेटीतच राहून गेलं, आता लावून टाकतो. पब्लिकनं पुऱ्या पिक्चरचं तिकीट काढलं, त्याईले अर्धा कसा दाखवू. माह्या कानानं ऐकलं.”

मी लिहून घेतलं. कंपाउंडर मागावरच्या ताणलेल्या सुताकडे पाहत मला म्हणाले, “यांले विचारा, बसला होता का नाही.”

“त्याले सांगा, चूक होती,” भाऊ मला म्हणाले.

“यांले सांगा, चूक असो. बसला होता ना?”

दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं. मी दोघांचेही निरोप दोघांना पोचवले, शब्द न बदलता. भावाने धोटा हातात धरून ठेवला होता.

“बसला होता,” ते म्हणाले. मग जबाबाखाली सही केली.

जेवायला बसलो तेव्हा वहिनींनी चार ताटं मांडली. आम्ही पुरुष तिघे होतो आणि त्या वाढत होत्या, म्हणजे त्या आमच्यासोबत बसणार नव्हत्या. चौथं ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ होतं, त्यात घासभर भात आणि वरण. मी त्याकडे पाहतोय हे वहिनींच्या लक्षात आलं.

“ते आमच्या सासूचं आहे,” त्या म्हणाल्या. “तंबू आला होता ना, त्या दिवसापासून वाढतो. हेच तंबूतून येऊन म्हणाले, वाढत जा वं.”

भाऊ जेवत राहिले. कंपाउंडर काही वेळ ताटाला हात न लावता बसले. मग उठले, उंबऱ्याजवळच्या ताटाशेजारी ठेवलेला रिकामा पेला घेतला, माठातून भरला आणि जागेवर ठेवला. काठोकाठ भरल्यामुळे थोडं पाणी जमिनीवर सांडलं. वहिनी पुसायला वाकल्या तर भाऊ म्हणाले, “राहू दे.” कोणाला म्हणाले ते कळलं नाही. परतीच्या बसपर्यंत दोघांत एक शब्दही झाला नाही.

दोन सह्यांचा जबाब रजिस्टर पोस्टाने दिग्दर्शकाकडे गेला. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी चौथा भाग नागपुरात लागला. कप्तान दुसऱ्या नटाने केला होता, केस मानेपर्यंत, आणि मागच्या वेळी तो मेलाच नव्हता, यानाच्या खालच्या कप्प्यात झोपला होता, असा खुलासा पहिल्याच रिळात होता. प्राध्यापक पहिल्या दिवशी पाहून आले आणि टपरीवर येऊन फक्त म्हणाले, “झोपला होता म्हणे.”  जुळा भाऊ बरा होता, असं दुसऱ्या तटातला एक जण म्हणाला.

कंपाउंडरांनी भावाला पत्र लिहिलं नाही. मी एक कार्ड टाकलं, टॉकीज, वार आणि दुपारच्या खेळाची वेळ. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा भाऊ तिकीट खिडकीपासून परत येत होते. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. त्यांच्या हातात तीन तिकिटं होती. मला वाटलं एक माझं, पण त्यांनी ती तिन्ही दारावर फाडून घेतली आणि आत गेले; दाराशी थांबलेले कंपाउंडर त्यांच्या मागोमाग गेले. मी माझं वेगळं काढलं आणि त्यांच्या मागच्या रांगेत बसलो. एका बाजूला भाऊ, एका बाजूला कंपाउंडर, मध्ये एक खुर्ची.

मध्यंतरात एक गृहस्थ सोबत्याजवळ बसायची जागा शोधत त्या रांगेत आले आणि मधल्या खुर्चीकडे बोट करून म्हणाले, “इथं कोणी आहे का?”

“माणूस आहे,” दोघे भाऊ एकदम म्हणाले.

गृहस्थ माफी मागून निघून गेले. दिवे मालवले. नवा कप्तान पडद्यावर आला, हसला, बटणं दाबू लागला. थोड्या वेळाने भाऊ पडद्याकडेच पाहत, पण माझ्या मार्फत नव्हे, म्हणाले, “हा काई तो नाही गा.”

“नाही,” कंपाउंडर म्हणाले.

 खेळ संपला तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळे उभे राहिले. त्या टॉकीजच्या खुर्च्यांना स्प्रिंग होती, माणूस उठला की बैठक आपोआप वर जायची. रांगेतल्या बैठका खाडखाड वर गेल्या, कंपाउंडरांची गेली, त्यांच्या भावाची गेली. पिशवी भावाच्या खांद्याला होती. मधल्या खुर्चीची बैठक खाली होती.